अ. पा. क.

माझे वडील वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी गेले, आणि जाईपर्यंत सरकारदरबारी ते अज्ञानच होते.

वाचकहो, ही लेकीने बापाची केलेली थट्टा नव्हे; त्याला कागदोपत्री पुरावा आहे. २०१७ साली अण्णा गेल्यावर वारसनोंदीसाठी मी कल्याण तालुक्यातल्या आमच्या मूळ गावच्या तलाठ्यांकडे गेले होते. जमीन अवघी अकरा गुंठे. तीत भातापेक्षा भाऊबंदांचे वादच अधिक पिकलेले. सातबाराचा उतारा हातात पडला, तेव्हा अण्णांच्या नावापुढे ‘अ. पा. क.’ अशी तीन अक्षरे आणि त्यांच्यापुढे माझ्या आजीचे नाव दिसले. मी मराठीची एम. ए. झालेली, रोज महाविद्यालयात दुसऱ्यांना अर्थ सांगणारी. पण ही तीन अक्षरे काही मला लागेनात.

“अज्ञान पालनकर्ता,” तलाठी म्हणाले. “तुमचे वडील लहान असताना आजोबा गेले असतील. मुलगा अज्ञान, म्हणून आई पालनकर्ती. सज्ञान झाल्यावर अर्ज देऊन शेरा काढून घ्यायचा असतो, मॅडम. त्यांनी घेतला नसेल.”

आजोबा १९५३ साली गेले. अण्णा तेव्हा सात वर्षांचे होते. पुढे ते अकरावी झाले, नोकरीला लागले, लग्न केले, मला वाढवले, निवृत्त झाले, नातीला मांडीवर खेळवले; शेरा मात्र जागचा हलला नाही. २०२५ साली ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीम राज्यात निघाली आणि मृतांची नावे उतरवून वारसांची चढवण्याचे काम सुरू झाले. असले कालबाह्य शेरे काढण्याचेही तीत ठरले, हे वाचून मला थोडे बरे वाटले. म्हणजे म्हातारपणापर्यंत अज्ञान राहिलेले आमचे अण्णा काही एकटे नव्हते!

‘अज्ञान’ हा शब्द मी वर्गात कितीदा उच्चारला असेल! संतवाङ्मय शिकवताना तो शब्द आला की आवाज आपोआप खाली जातो. कचेरीत मात्र त्याचा अर्थ अगदी सरळ : ज्याला अठरावे वर्ष पुरे झालेले नाही तो. १८७५ सालच्या कायद्याने ती रेघ ओढली. कोर्टाने पालक नेमलेला असला तर ती रेघ एकविसाव्या वर्षापर्यंत सरके. १९९९ साली तोही भेद गेला. आदल्या रात्री माणूस अज्ञान म्हणून झोपतो आणि वाढदिवसाच्या सकाळी सज्ञान होऊन उठतो. इतके स्वस्त ज्ञान आमच्या संतांना ठाऊक नव्हते.

त्याच उताऱ्यावर मला आणखी एक गोष्ट दिसली, म्हणजे खरे तर दिसली नाही. आत्याचे नाव त्यावर कुठेच नव्हते. ती अण्णांहून तीन वर्षांनी मोठी. पण १९५३ साली बापाच्या पश्चात जमिनीला मुलाचे नाव लागे. मुलीचे नाव लावायचे कुणाच्या मनातही येत नसे. हिंदू वारसा कायदा १९५६ साली आला, आणि वडिलोपार्जित मिळकतीत देशभरातल्या मुलींना मुलांच्या बरोबरीचा हक्क मिळायला २००५ साल उजाडले. आत्या तेव्हा बासष्ट वर्षांची होती. तिला त्या अकरा गुंठ्यांचे काय करायचे होते?

आत्या ठाण्याला नौपाड्यात दोन खोल्यांच्या भाड्याच्या बिऱ्हाडात राहत असे. शाळेत शिक्षिका, लग्न केले नाही. तिच्याकडे जायचे म्हणजे डोंबिवलीहून गाडी पकडून ठाण्याला उतरायचे, गोखले रोडने चालत जायचे, आणि दार उघडताच पहिला प्रश्न ऐकायचा, “चप्पल नीट ठेवलीस का?” २०१८ च्या नोव्हेंबरात ती गेली. फुलस्केप कागदावर स्वतःच्या टपोऱ्या अक्षरात तिने मृत्युपत्र लिहून ठेवले होते, खाली शेजारच्या दोघांच्या साक्षी होत्या. बँकेतली एक लाख ऐंशी हजारांची ठेव आणि तीन तोळ्यांच्या दोन पाटल्या माझ्या मुलीला. मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. शेवटचे वाक्य असे : ‘ही रक्कम मुलीची आहे. ती घरासाठी वापरू नये.’

ज्याने ते वाचले त्याने विचारले, “घरासाठी म्हणजे? घरखर्चासाठी असं म्हणायचं असेल.” मी मान डोलावली. पण तिला घरखर्च म्हणायचे नव्हते. तिला घरच म्हणायचे होते, आणि ते वाक्य कुणाला उद्देशून होते हे मला आदल्याच वर्षी कळले होते.

अण्णांच्या ट्रंकेत त्यांच्या जमाखर्चाच्या वह्या निघाल्या होत्या. दूध, वाणी, रेल्वेचा पास, सगळे पैशापैशापर्यंत. १९९२ च्या वहीच्या शेवटच्या पानावर एकटीच ओळ : ‘मुलीचे देणे रु. १०,०००.’ पुढे तारीख नाही, खूण नाही, काट मारलेली नाही. मी वही घेऊन ठाणे गाठले. आत्याने चष्मा लावून ती ओळ वाचली आणि वही मिटून ठेवली. “लिहून ठेवलंन् म्हणजे,” एवढेच म्हणाली. मग हळूहळू सांगितले.

आजीने १९८७ साली माझ्यासाठी पाच-पाच हजारांची दोन इंदिरा विकास पत्रे घेतली होती. ज्यांना ती आठवत नसतील त्यांच्यासाठी सांगते : पोस्टात १९८६ साली ती निघाली. अडीच हजार भरायचे, पाच वर्षांनी पाच हजार मिळत. पण त्यांची खुबी निराळीच होती. त्यांवर कुणाचे नावच नसे. नोटेसारखा व्यवहार, जो पत्र खिडकीत सरकवील त्याला पैसे. हरवले तर हरवले. १९९९ साली ती योजना बंद झाली. आजी १९८८ साली गेली. जाण्याआधी मुलाला आणि मुलीला समोर बसवून तिने सांगितले होते, “ही पोरीची.” कागदावर मात्र ती कुणाचीच नव्हती.

१९९२ साली पत्रांची मुदत भरली आणि त्याच वर्षी अण्णांनी डोंबिवलीत जागा घेतली. एक खोली आणि स्वयंपाकघर, खिडकीतून रूळ दिसणारी. दहा हजार कमी पडत होते. आत्याने विचारले तेव्हा अण्णा म्हणाले, “घर कुणाचं? तिचंच ना शेवटी?” आत्या म्हणाली, “मग तिच्या नावावर कर.” ते काही झाले नाही. त्यानंतर तीन वर्षे आत्या भाऊबीजेला आमच्याकडे आली नाही. तिचे गुडघे दुखतात असे मला सांगण्यात आले होते आणि ते मी खरे धरले होते. पन्नाशीही न गाठलेल्या, रोज शाळेचे तीन जिने चढणाऱ्या बाईचे गुडघे!

मी अण्णांवर चिडले का? नाही. त्या खोलीत मी वाढले, तिथल्या कट्ट्यावर बसून बी. ए.चा अभ्यास केला. पण एक विचार मनातून जाईना. त्या अकरा गुंठ्यांची गोष्ट आमच्या घरात नेहमी सांगितली जाई : आजीकडे एकदा गिऱ्हाईक आले, भाव चांगला देत होते, तिलाही पैशांची नड होती; पण उताऱ्यावरची ती तीन अक्षरे बघून माणूस उठून गेला. १९५६ च्या पालकत्वाच्या कायद्याने अज्ञानाची स्थावर मिळकत आईबापांनासुद्धा कोर्टाच्या परवानगीवाचून विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही. विकलीच तर मुलगा सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत दावा लावून व्यवहार मोडू शकतो. कोण घेणार असली जमीन? म्हणजे अण्णांचे अकरा गुंठे तीन अक्षरांनी राखले, आणि माझे दहा हजार राखायला एक अक्षरही नव्हते. जमिनीच्या दारावर कोर्टाचे कुलूप असते. रोकडीच्या दारावर फक्त आईबापांचा हात.

आता तो हात माझा होता.

पहिली परीक्षा बँकेतच झाली. आत्याच्या ठेवीवर नामनिर्देशन माझे होते, त्यामुळे पैसे प्रथम माझ्या हाती आले. “मग तुमचेच की,” शेजारच्या बाई म्हणाल्या. तसे नसते. नामनिर्देशित माणूस पैसे फक्त उचलतो. ते असतात वारसाचे. बँकेतल्या ठेवींबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली हे स्पष्ट केलेले आहे. पण सर्वोच्च न्यायालय दिल्लीला आणि माझे पासबुक डोंबिवलीला. चार दिवस ती रक्कम माझ्या खात्यात माझ्याच पगाराशेजारी बसली होती आणि एका रुपयावरही लेकीचे नाव नव्हते. चारच दिवसांत ती मला ओळखीची वाटू लागली!

मग लेकीच्या नावे ठेव ठेवायला गेले. खिडकीतले गृहस्थ म्हणाले, “मुलीच्या वडिलांची सही लागेल.” मी म्हटले, “पालक म्हणून मी सही करते आहे.” ते म्हणाले, “पण वडील आहेत ना?” जणू हे असणे हाच माझ्या अर्जातला दोष! गंमत अशी की हा प्रश्न मराठीच्या मास्तरणीला शोभेल असा एका शब्दाचा आहे. कायद्यात लिहिले आहे की अज्ञानाचा नैसर्गिक पालक बाप, आणि त्याच्या‘नंतर’ आई. १९८४ साली गीता हरिहरन या लेखिकेने आपल्या मुलासाठी रोखे घ्यायला अर्ज केला, तो रिझर्व्ह बँकेने बापाच्या सहीसाठी परत पाठवला. त्या कोर्टात गेल्या. १९९९ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : ‘नंतर’ म्हणजे बाप मेल्यानंतर असे नव्हे, तो नसताना, तो लक्ष घालत नसताना, किंवा त्याने आईवर सोपवले असतानासुद्धा. एका शब्दयोगी अव्ययाचा अर्थ लावायला पंधरा वर्षे. हे सगळे मी त्या गृहस्थांना सांगणार होते. पण मागे रांग होती. साहेबांकडे गेले, तिथे पाच मिनिटांत काम झाले.

पैसे कुठे ठेवावे याची चर्चा घरात आठवडाभर चालली. सुकन्या समृद्धीचे खाते २०१५ पासून आहे, पण ते दहा वर्षांच्या आतल्या मुलीचे. आमची त्यापुढे गेली होती. भविष्यनिर्वाह निधी पंधरा वर्षांचा, शिवाय आईबापांची आणि मुलाची मर्यादा एकत्र धरतात. शेअरांचे नाव यांनी काढले आणि मीच ते बुडवले. शेवटी साठ-साठ हजारांच्या तीन ठेवी केल्या. एकच मोठी करू नये. अडीअडचणीला सगळी मोडावी लागत नाही, हा सल्ला साहेबांचा. त्यात ‘अडीअडचण’ कुणाची हे त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. पाटल्या कपाटात गेल्या. त्यांना कुणी हात लावला नाही, आणि गंमत पाहा, त्यांचीच किंमत तेव्हापासून तिपटीच्या वर गेली. २०२५ साली तोळा लाखापलीकडे गेला, तेव्हा सगळ्या शहाण्या चर्चेवर आत्या कुठेतरी हसली असेल.

ठेवी फेब्रुवारी २०१९ च्या. मार्च २०२० मध्ये लोकल थांबल्या. हे एका छोट्या कारखान्यात हिशेबनीस होते. पगार आधी अर्धा झाला आणि मग थांबला. अण्णांची ती रुळाकाठची जागा विकून आणि वर कर्ज काढून आम्ही २०१६ साली मोठी जागा घेतली होती. सहा महिने हप्ते पुढे ढकलायची सवलत होती, ती ऑगस्टअखेर संपली. सप्टेंबर कसाबसा गेला. ऑक्टोबरात मी लेकीची एक ठेव मोडली.

आधी पाटल्या गहाण टाकायचा विचार आला होता. कपाट उघडून डबी हातात घेतली, आणि त्या पाटल्यांत मला आत्याचा हात दिसला; डबी मिटली. ठेवीच्या पावतीत कुणाचा हात दिसत नाही. म्हणून ती मोडणे सोपे गेले.

मुदतीआधी ठेव मोडताना पालकाकडून एक कागद लिहून घेतात : ही रक्कम अज्ञानाच्या हितासाठीच वापरली जाईल. मी पेन उचलले, आणि अण्णांचा आवाज स्पष्ट ऐकू आला : घर कुणाचं? तिचंच ना शेवटी? तिच्या डोक्यावरचे छप्पर हे तिचे हित नव्हे काय? मी सही केली. अण्णांचे वाक्य, आत्याने लिहून बजावलेले असताना, मी शब्दशः घेतले. ‘उसने’ म्हणायचीही सोय नव्हती. अज्ञानाने केलेला करारच मुळी करार नव्हे, असे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ सालीच ठरवून टाकलेले आहे. अज्ञान माणूस कर्ज देऊ शकत नाही. त्याच्याकडून फक्त घेता येते. १८९० च्या कायद्यात म्हटले आहे की पालकाने पाल्याच्या मिळकतीची काळजी शहाणा माणूस स्वतःच्या मिळकतीची घेतो तशी घ्यावी. मी ती अगदी स्वतःची असल्यासारखीच घेतली होती!

लेकीला सांगितले नाही. ती तेरा वर्षांची होती, मोबाइलवर शाळा चालू होती, तिला काय कळणार असे मी स्वतःला समजावले. खरे म्हणजे दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःचे बचत खाते स्वतः चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने २०१४ पासूनच बँकांना दिलेली होती. तिच्या हाती तिचे पासबुक मी अकराव्या वर्षीच देऊ शकले असते. दिले नाही, कारण पासबुक असते तर प्रश्नही आले असते.

त्या रात्री मी एक वही काढली. पहिल्या पानावर लिहिले : ‘मुलीचे देणे रु. ६०,०००.’ लिहिल्यावर पेन तसेच हातात राहिले. हे वाक्य मी आधी पाहिलेले होते, दुसऱ्याच्या अक्षरात. फरक एवढाच पाडायचा होता की खाली तारखा पडल्या पाहिजेत. जानेवारी २०२१ पासून पडू लागल्या. कधी तीन हजार, कधी पाच, एका महिन्यात पाचशे. दिवाळीत पैठणी घ्यायची राहिली, ते काही मोठे दुःख नव्हे. २०२३ च्या मे महिन्यात मुद्दल आणि ठेवीच्या दराने व्याज पुरे करून पुन्हा तिच्या नावे पावती केली. वही मात्र कपाटात, पाटल्यांच्या डबीखाली ठेवली.

गेल्या महिन्यात लेक सज्ञान झाली. बँकेत नवी सही, नवा फोटो, पॅन, आधार. पालक म्हणून असलेले माझे नाव कागदावरून उतरले. साहेबांनी तिला “मॅडम” म्हटले, तशी ती लाजली. घरी येऊन मी चहा टाकला आणि टेबलावर पावत्या, पाटल्यांची डबी, आत्याचे मृत्युपत्र, अण्णांची १९९२ ची वही आणि माझी वही अशी पाच चिजा मांडल्या. सगळे सांगितले. आत्याच्या गुडघ्यांपासून.

ती बराच वेळ काही बोलली नाही. दोन्ही वह्यांची पाने शेजारी-शेजारी ठेवून पाहत राहिली. मग म्हणाली, “आई, आजोबांनी तुझे दिलेच नाहीत?”

“नाही.”

“तू मागितले नाहीस?”

“मला कळलं तेव्हा ते नव्हते.”

तिने माझी वही पुढे ओढली. बोट लावून एकेक ओळ वाचत गेली. मी चहाचा कप धुऊन ठेवला, ओटा पुसला, पुसलेला पुन्हा पुसला. नापास होण्याची भीती वाटणाऱ्या विद्यार्थिनींना मी वर्षानुवर्षे धीर देत आले आहे. त्यांना काय वाटत असेल ते मला त्या दहा मिनिटांत कळले.

“व्याज बरोबर आहे,” ती म्हणाली. “पण मुदतीआधी मोडली की बँक दंड कापते ना? किती?”

“एक टक्का.”

तिने मोबाइलवर बोटे चालवली. “साठ हजार. फेब्रुवारी एकोणीस ते ऑक्टोबर वीस, वीस महिने. हजार रुपये. ते माझ्या व्याजातून गेले. तू ते धरलेच नाहीस.”

मी वही घेऊन पाहिले. खरेच धरले नव्हते. पाच वर्षांत एकदाही लक्षात आले नव्हते.

“लिही,” मी म्हटले.

तिने पेन घेतले आणि माझ्या शेवटच्या तारखेखाली, आत्यासारख्याच टपोऱ्या अक्षरात लिहिले : ‘आईकडून येणे रु. १,०००.’ पुढे तारखेसाठी जागा कोरी सोडली, आणि विचारले, “पगार एक तारखेलाच होतो ना गं?”